मायक्रोवेव्हने भेगा सांधणारं डांबरी मिश्रण: फिलर निवडण्यापासून पहिल्या निकालापर्यंत

एम.टेक.साठी हा विषय घेतलेले विद्यार्थी आणि हॉट मिक्स प्लांटच्या लॅबमध्ये हाताशी मार्शलचं यंत्र (डांबरी मिश्रणाचे ठोकलेले नमुने दाबून मजबुती मोजणारं) असलेले इंजिनिअर, अशा दोघांसाठी हे लिहिलं आहे. महागडी उपकरणं नसली तरी मुंबईत बसून पहिला विश्वासार्ह निकाल कसा काढायचा, एवढाच हेतू.

डांबर तापलं की पातळ होतं, बारीक भेगेत ओढलं जातं आणि थंड झाल्यावर दोन्ही कडा पुन्हा धरून ठेवतं. उन्हाने हे थोडंफार आपोआप होत असतं. मायक्रोवेव्हने तेच काम दोन-तीन मिनिटांत करून घ्यायचं, ही कल्पना. अडचण अशी की नुसतं डांबर २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषत नाही. म्हणून मिश्रणातल्या फिलरचा, म्हणजे सगळ्यात बारीक दगडी पुडीचा, काही भाग काढून त्या जागी लहरी शोषून तापणारी पूड घालतात. ती तापते आणि भोवतालच्या डांबराला तापवते.

एक गल्लत आधीच दूर करू. नेदरलँड्समध्ये व्लिसिंगेनजवळ ए५८ महामार्गावर डिसेंबर २०१० मध्ये स्टील वूल घातलेल्या डांबराचा ४०० मीटरचा पट्टा टाकला गेला. त्याचा उल्लेख या विषयावरच्या बहुतेक प्रबंधांत येतो, पण ती पद्धत इंडक्शनची, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत वीज फिरवून तापवण्याची होती. इंडक्शनला वीज वाहणारे धागे लागतात. मायक्रोवेव्हला वीजवाहकता नसली तरी चालतं, लहरीची ऊर्जा आत जिरली पाहिजे. तिथले धाग्यांचे आकडे इथे जसेच्या तसे उचलू नका.

१. आधी आपला काळा दगड तपासा

मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यात खडी आणि कच दोन्ही डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टची. या दगडात लोहयुक्त खनिजं असतात, थोडा मॅग्नेटाइटही (चुंबकाला चिकटणारं काळं लोह-ऑक्साइड) असतो. कोरड्या कचेवरून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, काळे कण चिकटून वर येतील. म्हणजे आपलं साधं मिश्रणही मायक्रोवेव्हमध्ये बऱ्यापैकी तापतं. चुनखडीवर केलेल्या परदेशी प्रयोगांत साधा नमुना थंड राहतो आणि फिलरवाला तापतो, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. इथे तेवढा फरक दिसणार नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षाही ठेवू नका. तुमच्या फिलरची कमाई म्हणजे बेसॉल्टच्या साध्या नमुन्यापेक्षा जेवढं जास्त मिळालं तेवढीच. हा नमुना न बनवता काढलेला 'सांधणी ७५%' हा आकडा कुठल्याही चांगल्या परीक्षकासमोर टिकत नाही.

२. फिलर निवडा

*मॅग्नेटाइट पूड.* सुरुवात याच्यानेच करा. चुंबकीय आणि विद्युत अशा दोन्ही वाटांनी लहरी शोषते, गंजाची काळजी नाही आणि किंमत आवाक्यात राहते. कोळसा धुण्याच्या वॉशरीत जड माध्यम म्हणून वापरतात ती दळलेली पूड चालते. रंगाच्या दुकानात 'ब्लॅक ऑक्साइड' मिळतो, तो कृत्रिम मॅग्नेटाइटच असतो, पण इतका बारीक की डांबर भरपूर पितो आणि मिश्रण ताठर होतं. शिवाय काही मालात काजळी मिसळलेली असते. रेड ऑक्साइड म्हणजे हेमाटाइट, तो या कामाचा नाही. दुकानातच चुंबक लावून बघा: मॅग्नेटाइट झपकन उडी मारून चिकटतो, रेड ऑक्साइड जवळजवळ हलत नाही.

*पोलादाचा स्लॅग.* पोलाद बनवताना उरणारी मळी. पेणजवळच्या डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे आपल्या पट्ट्यात मिळण्यासारखा. त्यात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात. पण तो खडीच्या जागी वापरणं जास्त शहाणपणाचं. दोन पथ्यं आहेत. ताज्या स्लॅगमधला मोकळा चुना पाणी लागल्यावर फुगतो, म्हणून उघड्यावर मुरवलेलाच घ्या आणि प्रसरणाची चाचणी मागा. शिवाय तो सच्छिद्र असल्याने डांबराचं प्रमाण नव्याने ठरवावं लागतं.

*स्टील वूल.* प्रबंधांचं लाडकं. २ ते १० मि.मी. लांबीचे तुकडे वापरतात, प्रमाण बहुधा डांबराच्या घनफळाच्या २ ते ६%. या वारंवारतेला लहर लोखंडात एक-दोन मायक्रॉनच शिरते, त्यामुळे जाड धागा घेऊन काही साधत नाही, बारीक घ्या. धाग्यांचे गोळे होतात, पोकळ्या वाढतात आणि ठिणग्या उडू शकतात. समुद्राच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात उघडे पडलेले धागे गंजतात ते वेगळंच. मुंबईसाठी मी हा पर्याय शेवटी ठेवेन.

*सिलिकॉन कार्बाइड, ग्रॅफाइट, सक्रिय कोळसा.* पहिला उत्तम तापतो पण महाग, आणि करवतीचं पातं खातो. उरलेले दोन्ही हलके आणि तापायला तेज. सक्रिय कोळसा मात्र डांबर शोषून घेतो. दुसऱ्या टप्प्यात बघा.

३. सामान आणि कागदपत्रं जमवा

सामान: मार्शलचे साचे आणि हातोडा, मार्शलचं यंत्र, पाण्यावर चालणारी डायमंड करवत, डीप फ्रीझर, ०.१ ग्रॅम अचूकतेचा काटा, इन्फ्रारेड थर्मामीटर किंवा थर्मल कॅमेरा, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूची तार), ७५, ३०० आणि ६०० मायक्रॉनच्या चाळण्या, आणि एक घरगुती मायक्रोवेव्ह. जुना घेतला तरी चालेल, पण त्यावर ठळक अक्षरांत 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' लिहा आणि पुन्हा तो पँट्रीत जाऊ देऊ नका. काच, रसायनं आणि लॅबचं किरकोळ सामान प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, हत्यारं आणि घासकामाच्या पुडी नागदेवीला.

कागद: डांबराच्या बॅचचं रिफायनरीचं चाचणी प्रमाणपत्र (व्हीजी-३० की व्हीजी-४०, म्हणजे डांबराची घट्टपणाची प्रत कोणती, ते त्यावर बघा), मंजूर जॉब मिक्स फॉर्म्युला (त्या कामासाठी ठरवलेलं मिश्रणाचं प्रमाण), खडी-कचेचे विशिष्ट गुरुत्वाचे अहवाल, फिलरचं सुरक्षितता पत्रक आणि त्याच लॉटचं रासायनिक विश्लेषण, मायक्रोवेव्ह वापरायला विभागाची लेखी परवानगी. विश्लेषण पुरवठादाराकडे नसेल तर पवईच्या आयआयटीतल्या 'सैफ'सारख्या उपकरण-सुविधेत बाहेरच्यांनाही पैसे भरून नमुने देता येतात. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाका.

४. पूड एकटी तापवून बघा

मिश्रणात घालण्याआधी २० मिनिटांची ही चाचणी करा. १०५ अंशांवर वाळवलेली २५ ग्रॅम पूड सिरॅमिकच्या क्रुसिबलमध्ये, खाली अग्निरोधक विटेचा तुकडा. पूर्ण पॉवरवर फक्त २० सेकंद. बाहेर काढून लगेच तापमान घ्या. मग बेसॉल्टच्या फिलरचं तसंच करा. दोघांमध्ये ठळक फरक नसेल तर ती पूड परत करा.

वेळ वाढवू नका. मॅग्नेटाइट दोन-तीन मिनिटांत लालबुंद होण्याइतका तापू शकतो आणि काचेचं बीकर तडकतं. मोकळं स्टील वूल किंवा कोळशाची पूड अशी एकटी कधीही ठेवू नका, ठिणगी पडून पेटते.

५. बदल घनफळाने करा, वजनाने नाही

सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं. बेसॉल्ट फिलरचं विशिष्ट गुरुत्व २.८५ च्या आसपास, मॅग्नेटाइटचं ५.१. वजनास वजन बदललं तर फिलरचं घनफळ जवळजवळ निम्म्यावर येतं, पोकळ्या वाढतात, आणि मग नमुना कमजोर का निघाला याचा दोष मॅग्नेटाइटवर येतो.

बिटुमिनस काँक्रीट (रस्त्याच्या वरच्या थराचं डांबरी मिश्रण), ग्रेडिंग २, एका मार्शल नमुन्याचं उदाहरण घेऊ:

- एकूण मिश्रण १,२०० ग्रॅम, डांबर ५.५% म्हणजे ६६ ग्रॅम, खडी-कच-फिलर मिळून १,१३४ ग्रॅम.
- फिलर ६% म्हणजे ६८ ग्रॅम. त्यातला निम्मा, ३४ ग्रॅम, काढायचा.
- ३४ भागिले २.८५ = ११.९ घन सें.मी. गुणिले ५.१ = ६१ ग्रॅम मॅग्नेटाइट.
- नमुन्याचं नवं वजन १,२२७ ग्रॅम. डांबर ६६ ग्रॅमच ठेवायचं.

आता डांबर कागदावर ५.३८% दिसतं आणि केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशातल्या किमान ५.४% च्या खाली जातं. घाबरून डांबर वाढवू नका. ती किमान मर्यादा २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या दगडासाठी आहे आणि जड दगडाला त्या प्रमाणात कमी करायची मुभा त्याच विनिर्देशात आहे. अहवालात दोन ओळींत तसं लिहून ठेवा, नाहीतर तपासणारा नेमका तिथेच बोट ठेवेल. फिलर आणि डांबराचं वजनी गुणोत्तरही फुगलेलं दिसेल, ते घनफळाने मांडा. मिश्रणाची कमाल घनता नव्याने मोजा, जुनी वापरली तर पोकळ्यांचा हिशेब सपशेल चुकतो.

बारीकपणा: ६०० मायक्रॉनमधून १००%, ३०० मधून ९५ ते १००% आणि ७५ मधून ८५ ते १००% पूड गेली पाहिजे. चाळणी ओली करा, कोरड्या चाळणीत मॅग्नेटाइटचे कण एकमेकांना धरून बसतात.

६. मिश्रण करा, नमुने ठोका

व्हीजी-३० साठी खडी १५० ते १७० अंश, डांबर १५० ते १६५. आधी गरम खडीत फिलर कोरडा फिरवा, मगच डांबर ओता. मॅग्नेटाइट रात्रभर गरम ओव्हनमध्ये सोडू नका, बारीक पूड हळूहळू ऑक्सिडाइज होते आणि लॉटमधला सारखेपणा जातो. डांबरात फिलर मिसळून सॉफ्टनिंग पॉइंट (रिंगेत ओतलेलं डांबर मऊ पडण्याचं तापमान) काढणार असाल तर ओतेपर्यंत ढवळत राहा. जड पूड तळाला बसते आणि दोन रिंगांचे आकडे जुळत नाहीत.

प्रत्येक बाजूला ७५ ठोके. स्थिरता (सोसलेला कमाल भार) किमान ९ किलोन्यूटन, फ्लो (तोवर नमुना किती दबतो ते) २ ते ४ मि.मी., पोकळ्या ३ ते ५%. यात न बसणारं मिश्रण सांधण्याच्या चाचणीला नेण्यात अर्थ नाही.

किती नमुने? चार गट लागतात: साधं बेसॉल्ट मिश्रण मायक्रोवेव्हसह, फिलरचं मिश्रण मायक्रोवेव्हसह, फिलरचं मिश्रण नुसतं ठेवून दिलेलं, आणि फिलरचं मिश्रण साध्या ओव्हनमध्ये तेवढ्याच तापमानाला नेलेलं. प्रत्येकी चार अर्धवर्तुळं धरली तर आठ मार्शल नमुने. वर दोन जादा ठोका, कापताना एखादा जातोच.

७. कापा, आणि खरंच वाळवा

१०१.६ मि.मी. व्यासाचा नमुना मधोमध कापून दोन अर्धवर्तुळं करा. सपाट बाजूच्या मध्यावर १० मि.मी. खोल खाच पाडा, भेग तिथूनच सुरू होते.

करवतीचं पाणी आत राहतं, आणि पाणीही मायक्रोवेव्ह हावरटपणे शोषतं. ओला नमुना छान तापतो, वाफ होऊन फुगतो, आणि आकडे खोटे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत पंख्याखाली काही वाळत नाही. एसी खोलीत किंवा सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, फार तर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये. दोन दिवसांची वजनं सारखी येईपर्यंत थांबा. ६० अंशांवर वाळवण्याचा मोह टाळा, नमुना बसतो आणि खाच मिटते.

८. मायक्रोवेव्हची खरी ताकद मोजा

डब्यावर ८०० वॉट लिहिलेलं असलं तरी आत तेवढं पोचतंच असं नाही. एक लिटर पाणी ठेवून दोन मिनिटं पूर्ण पॉवरवर चालवा, ढवळून तापमानातली वाढ मोजा आणि ३५ ने गुणा. २० अंश वाढले तर ७०० वॉट. सलग वापरात यंत्र तापून ताकद घटते, म्हणून दोन नमुन्यांमध्ये विश्रांती द्या आणि ती प्रत्येक वेळी सारखीच ठेवा.

साधारण घरगुती यंत्र 'मीडियम'वर कमी ताकदीने चालत नाही. ते पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतं, आणि छोट्या वेळेत नेमका किती वेळ चालू होतं ते कळत नाही. म्हणून पूर्ण पॉवर ठेवा आणि वेळेचे तुकडे पाडा.

अंदाजासाठी: अर्धवर्तुळ सुमारे ५८० ग्रॅम, विशिष्ट उष्मा ०.९५ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरला, तर ३० वरून ८० अंशांवर जायला २८ किलोज्यूल लागतात. ७०० वॉटपैकी निम्मी ऊर्जा नमुन्यात गेली तर ८० सेकंद. हा फक्त सुरुवातीचा आकडा. खरी वेळ एक जादा नमुना वाया घालवून ठरवा.

९. मोडा

नमुने फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर किमान चार तास. खोलीच्या तापमानाला मोडले तर डांबर ताणलं जातं, कडा दबतात आणि परत जुळत नाहीत. थंडीत भेग स्वच्छ पडते.

आधार ८० मि.मी. अंतरावर, भार वरून मधोमध. मार्शलच्या यंत्राचा वेग मिनिटाला ५० मि.मी.च्या आसपास असतो, तो चालेल, फक्त सगळ्या नमुन्यांना तोच ठेवा. मार्शलची मोठी प्रूव्हिंग रिंग (भार मोजणारं कडं) मात्र इथे नको. कमाल भार काही किलोन्यूटनच येतो आणि मोठ्या रिंगवर काटा जेमतेम हलतो. १० किलोन्यूटनची रिंग मागून घ्या.

फ्रीझरमधून काढल्यावर मिनिटभरात मोडा. मुंबईच्या हवेत नमुन्यावर लगेच पांढरं दव धरतं, म्हणून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून गोठवा. मोडल्यावर ते दव वितळून थेट भेगेत उतरतं. त्यामुळे तुकडे पुन्हा सातव्या पायरीसारखे वाळवायचे, गोठवण्याआधीच्या वजनाशी ताडून बघायचे आणि मगच तापवायचे. ही एक पायरी गाळलेले निकाल सहसा खूप देखणे दिसतात.

१०. सांधा

तुकडे जोडून सिलिकॉनच्या बेकिंग मोल्डमध्ये बसवा आणि टेफ्लॉन टेपने हलके आवळा. तारेचा किंवा धातूचा क्लॅम्प नको. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचाही नको, त्यात पाणी असतं.

२० सेकंद चालवा, थांबवा, भेगेजवळचं तापमान घ्या, नमुना ९० अंशांत फिरवा, पुन्हा २० सेकंद. फिरवायचं कारण: ही लहर हवेत सुमारे १२ सें.मी. लांब असते, त्यामुळे डब्यात दर ६ सें.मी.ला एक गरम जागा पडते आणि आपला नमुना जेमतेम तेवढाच असतो. फिरती थाळी मदत करते, पूर्ण सोडवत नाही.

व्हीजी-३० ला भेगेजवळ ७० ते ८५ अंश पुरतात. १०० च्या वर गेलात तर डांबर खाली गळतं, पोकळ्यांमधली हवा फुगते आणि कोपरे ढासळतात. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग सांगतो, आत जास्त असू शकतं. म्हणून यंत्र बंद केल्यावर आधीच पाडलेल्या ३ मि.मी.च्या छिद्रात थर्मोकपल घालून खात्री करा. यंत्र चालू असताना थर्मोकपल आत कधीच नको. डांबराचा धूर दिसला तर थांबवा, खिडकी आणि एक्झॉस्ट सुरू ठेवूनच काम करा.

तापवल्यावर २५ अंशांच्या खोलीत २४ तास. गरम नमुना थेट फ्रीझरमध्ये टाकला तर डांबराला भेगेत उतरायला वेळच मिळत नाही.

११. निकाल मांडा

पुन्हा गोठवा, पुन्हा मोडा. सांधणी निर्देशांक म्हणजे दुसऱ्या वेळचा कमाल भार भागिले पहिल्या वेळचा, गुणिले १००. चारही गटांची सरासरी आणि पसारा शेजारी शेजारी मांडा. मायक्रोवेव्ह आणि साध्या ओव्हनचे निर्देशांक जवळपास सारखे आले तर निराश होऊ नका. सांधण्याचं काम तापमान करतं. फिलरचा फायदा तिथवर किती सेकंदांत पोचलात यात आहे. म्हणून दर सेकंदाला किती अंश वाढले तो आकडा वेगळा द्या, निर्देशांकापेक्षा मला तो जास्त कामाचा वाटतो.

किमान तीन वेळा मोडा-सांधा. निर्देशांक प्रत्येक फेरीत घसरतो. कारणं दोन: डांबर वारंवार तापून म्हातारं होतं, आणि फुटलेली खडी काही केल्या सांधत नाही. मोडलेल्या पृष्ठभागाचे फोटो काढून ठेवा, त्यात किती दगड मधोमध तुटलेत ते मोजता येतं.

आपल्याकडच्या पावसासाठी एक चाचणी जादा करा: फिलर घातलेल्या मिश्रणाचं ओल्या आणि कोरड्या ताणशक्तीचं गुणोत्तर. ते ८०% च्या खाली असेल तर पावसाळ्यात खडी सुटणार, मग भेगा कितीही छान सांधोत. चुना किंवा अँटी-स्ट्रिपिंग (डांबर खडीला धरून ठेवणारं रसायन) घालून पुन्हा बघा.

१२. रस्त्यावर नेण्याआधी

'मग आता गाडीवर मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी) बसवू या' अशी सूचना हमखास येते. मिनेसोटात, डुलुथच्या विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने मॅग्नेटाइटयुक्त टॅकोनाइट दगड आणि मायक्रोवेव्ह वापरून खड्डे दुरुस्त करण्यावर काम केलं आहे, तेव्हा कल्पना वेडगळ नाही. पण दोन गोष्टी आधी सांभाळा. एक, गळती: घरगुती यंत्राच्या दारापासून ५ सें.मी.वर चौरस सें.मी.ला ५ मिलिवॉट ही मान्य मर्यादा आहे आणि उघड्या रस्त्यावर ती पाळायला सगळ्या बाजूंनी धातूची झालर लागते. दोन, वारंवारता: परदेशी लेखांतली ९१५ मेगाहर्ट्झची उपकरणं अमेरिका खंडांसाठी राखलेल्या पट्ट्यावर चालतात. आपल्याकडे त्याच शेजारी मोबाइलचा ९०० चा पट्टा आहे. इथे २.४५ गिगाहर्ट्झलाच राहा.

शहरातले रस्ते भराभर सिमेंट काँक्रीटचे होत असताना हे कशाला, असा प्रश्न तोंडी परीक्षेत येईलच. उड्डाणपुलांवरचे डांबरी थर, महामार्गांचे डांबरी टप्पे आणि सोसायट्यांचे आतले रस्ते एवढं क्षेत्र तरी उरतंच. त्यातही पुलावरचा पातळ थर सगळ्यात सोयीचा, कारण लहरी वरून खाली जाताना क्षीण होतात आणि ४० मि.मी.च्या थरात त्या तळापर्यंत पोचतात. पहिला पट्टा मागायचा तर तिथला मागा. महागडा फिलर फक्त त्या वरच्या थरातच घाला, खालच्या डीबीएममध्ये (डेन्स बिटुमिनस मॅकॅडमच्या थरात) नाही.